अर्ध्या पावाचं घर

माझा कतला मासा सोळा किलोचा होता. हे आधीच सांगून टाकतो. बोदलकसा तलावातून तो ओढून काढल्याला दोन वर्षं झाली, तरी हे ऐकवल्याशिवाय मी घरी आलेल्याला चहा पिऊ देत नाही.

म्हणून माझी आठवीतली मुलगी रुची शाळेच्या प्रदर्शनासाठी आमच्या माशांच्या वजनाचा तक्ता काढू लागली, तेव्हा मी खूश झालो. एका किलोला दोन बोटं उंची. माझा कतला थेट कागदाच्या काठाला भिडला.

मग तिची धाकटी बहीण, सहा वर्षांची रिंकू आली. त्याच आठवड्यात तिच्या गळाला आयुष्यातला पहिला मासा लागला होता, अर्ध्या पावाचा.

"माही मासोरी कुठी हाये?"

रुचीने बोट ठेवलं. मुंगीएवढा ठिपका. रिंकूने भोकाड पसरलं, जेवणही नको म्हणाली.

"लहानच व्हती, तं लहानच दिसन!" मी खेकसलो.

रुचीने कागद उलटा केला. "रिंकू, किलो नको मोजू, दुप्पट मोज. तुही मासोरी पयल्या पायरीवर. तिची दुप्पट पाव किलो, दुसरी पायरी. त्याची दुप्पट अर्धा किलो, तिसरी."

रिंकू डोळे पुसत बोटं मोजू लागली. एक किलो, दोन, चार, आठ. सोळा किलो आठव्या पायरीवर आले. नव्या तक्त्यावर एका पायरीला एक घर; माझा कतला आठ घरं उंच, अन् रिंकूचा मासा एक घर. चांगला ठसठशीत.

मला मिरच्या झोंबल्या. "माही मासोरी काऊन कापून रायली वं?"

"कापली कुठी, बाबा? मोठी ते मोठीच हाये, बाजूले किलोबी लिवले. फक्त मोजाची रीत बदलली. मॅडम याले लॉग म्हणते. लय मोठ्याच्या बाजूले लहानबी दिसलं पायजे ना."

रिंकूने आपल्या घरात लाल रंग भरला, आणि रंगलेल्या हातांनीच दोन घास जास्त जेवली.

प्रदर्शनात मी तक्त्यासमोरून हललो नाही. शेवटी शेजारगावचे केशोराव आले. "नंदलाल, तुही मासोरी कोणती गा?"

याच प्रश्नासाठी मी सकाळपासून उभा होतो. माझं बोट धरून रिंकूही उभी होती, मान खाली घालून. तिच्याकडे पाहिलं अन् मला माझीच लाज वाटली.

मी लाल घरावर बोट ठेवलं. "हे पाह्य. अर्धा पाव. माह्या पोरीनं धरली."

रिंकूने मान वर केली. सोळा किलोचं त्या दिवशी मी कोणालाच सांगितलं नाही.