पात्यावरचा निळा डाग

सासऱ्यांच्या शिकारी चाकूचं पातं फिरत्या चाकावर क्षणभर जास्त टेकलं, धारेजवळ निळसर डाग उमटला आणि कारागिराने ते झटकन उचललं. निळं पडलं म्हणजे पोलाद तापून मऊ झालं. आता धार कितीही लावा, दोन दोर कापले की ती मुडपणार. जुन्या पात्याचा गंज हातानेच काढायचा असतो हे तोच सगळ्यांना सांगत फिरायचा. पण मेहुणा सकाळी न्यायला येणार म्हणून घाई नडली. त्याने डाग घासून काढला आणि पातं चकचकीत करून ठेवलं.

मेहुणा बंदरावर पाणबुड्या होता. बोटींच्या पंख्यात गुरफटलेले दोर पाण्याखाली जाऊन कापायचे, हे त्याचं काम. त्याच्या स्टेनलेसच्या चाकूची कारागिराने वर्षानुवर्षं टर उडवली होती. गंजत नाही एवढंच त्याचं कौतुक, धार धरावी ती जुन्या पोलादानेच, असं तो जेवायला बसल्यावरही ऐकवायचा. शेवटी मेहुण्याने हात टेकले आणि वडिलांचा चाकू नीट करायला दिला.

आता मेहुणा दुकानात उभा राहून त्याच चाकूने कागद कापत होता आणि कागद लोण्यासारखा कापला जात होता. एकदाचं याच्या बडबडीचं चीज झालं, असं कारागिराची बायको हसून म्हणाली. मेहुण्याने आपला स्टेनलेसचा चाकू तिच्या हातात ठेवला, स्वयंपाकघरात वापर म्हणाला. त्याला दुपारीच एका मोठ्या बोटीखाली उतरायचं होतं.

कदाचित काही होणारही नाही, अशी कारागिराने मनाची समजूत घातली. पण गढूळ पाण्यात पायाला दोर गुंडाळलेला मेहुणा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. खरा मेहुणा तोवर दुकानाची पायरी उतरला होता.

"थांब," कारागीर म्हणाला. "चाकू इकडे दे."

पातं पकडीत आवळून त्याने कानस उचलली. मुठीजवळच्या धारेवरून ती नुसती घसरली. पुढे मात्र खरखर करत रुतली आणि टेबलावर लोखंडाचा कीस पडला.

"कडक पोलादाला कानस लागत नाही. इथे लागली. मी जाळलं हे पातं, आणि डाग पुसून तुला देत होतो."

बायकोचा चेहरा उतरला. तिच्या वडिलांच्या चाकूला मोठी खाच पडली होती. कारागिराला लाजेने मान वर करवेना. मग मेहुण्याने बहिणीच्या हातून स्टेनलेसचा चाकू घेऊन टेबलावर ठेवला.

"मग याला धार लावा, भाऊजी. बोट खोळंबलीय."

कारागीर चाकाकडे वळलाच नाही. त्याने दगड ओला केला आणि ज्या चाकूला मेलो तरी हात लावणार नाही म्हणायचा, त्याला जीव ओतून धार लावली.

या वेळी मेहुण्याने कागद कापून पाहिला नाही. चाकू म्यानात घातला आणि कामावर निघाला.