जुहू ते कराची, पावणेचार तास

गफूरची लोणावळ्यात बेकरी होती. सेहेचाळीस सालच्या मार्चमध्ये एका सोमवारी कराचीहून जावयाची तार आली : हसिना बाळंतपणानंतर फार आजारी, अम्मींना लगेच पाठवा. आगगाडीला तीन दिवस लागणार होते आणि बोट शनिवारशिवाय नव्हती. एका ओळखीच्या माणसानं धडपड करून बुधवारच्या विमानात जागा मिळवून दिली. एकच.

बिस्मिल्ला उभ्या जन्मात एकटी कुठं गेली नव्हती. जुहूच्या विमानतळावर तिनं नवऱ्याला विचारलं, "किती लांब आहे हो?"

"साडेपाचशे मैल. पावणेचार तास लागतात म्हणे."

"आणि तुम्हाला घरी पोचायला?"

"सहा तास तरी."

"म्हणजे मीच आधी पोचणार," ती म्हणाली. चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

नऊला विमान उडालं. गफूर दादरला आला, पुण्याच्या गाडीत बसला. कर्जतला घाटाची इंजिनं जोडत होते तेव्हा त्यानं घड्याळ पाहिलं. पाऊण वाजला होता. उतरली असेल, तो मनाशी म्हणाला. उतरल्याबरोबर तार करायचं ठरलं होतं.

लोणावळ्याला उतरून तो घरी न जाता थेट तारघरात गेला. तिथल्या महिपती मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. चारला गेला, पाचला गेला, तरी तेच. परतताना रस्त्यात भिमाजी भेटला. तो रोज टाकव्याहून बेकरीला दूध आणायचा.

"गफूरभाई, जरा बसा की. किती येरझारा घालाल?"

"आठ तास झाले, भिमाजी! पावणेचार तासांची वाट. मग बाई गेली कुठं?"

"मला काय ठावं? म्या इमान लांबूनच बघितलंय. पर तार यायला बी येळ लागत आसंल न्हवं?"

गफूरला ते पटलं नाही. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. सकाळी पावाची एक भट्टी करपली. कारागिरांवर सगळं सोपवून तो तारघराच्या पायरीवर जाऊन बसला. आत यंत्र कडकडलं की उठायचा, मास्तरांचा चेहरा बघून पुन्हा बसायचा.

साडेबाराला महिपती मास्तर स्वतःच बाहेर आले. "बसा, बसा. चांगली बातमी आहे," म्हणत त्यांनी तार वाचली : वादळामुळे विमान रात्री जामनगरला थांबलं. आज पोचले. हसिना शुद्धीवर आहे, बोलली.

गफूर पायरीवर बसून भर रस्त्यात हुंदके देऊन रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "मास्तर, उलट तार करा. मी पण येऊ का, विचारा."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : नको, ताप उतरतोय.

महिन्याभरानं हसिनाच्या हातचं पत्र आलं. अक्षर जरा हलत होतं. बाळ बाळसं धरत होतं. "आम्ही तिघं येतोय," तिनं लिहिलं होतं, "पण बोटीनं. दोन दिवस लागले तरी चालतील, विमानात पुन्हा पाय ठेवणार नाही, असं अम्मी म्हणते."

गफूरनं ते भिमाजीला वाचून दाखवलं.

"मंग कवा येत्यात?"

"सोमवारी दुपारी बंदराला लागतील."

गफूर रविवारी सकाळीच मुंबईला निघून गेला.