माझ्या पाठीवरचा पळस

मी सात नंबरची चिठ्ठी बोलतेय. पाचवीच्या वर्गात, फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगलेली. येणारेजाणारे थांबून मला वाचतात, तेव्हा कुठे तोंड लपवू असं होतं. पण चिठ्ठीला पोटावरही अक्षरं आणि पाठीवरही. लपवणार काय?

माझा जन्म पनवेलच्या एसटी स्टँडजवळ, कुमारच्या झेरॉक्सच्या दुकानात झाला. आम्ही बारा बहिणी. अरुंधतीबाईंनी दिवाळीची सुट्टी खर्ची घालून आम्हाला घडवलं. बाई राहतात रोडपालीला, नवव्या मजल्यावर. पुस्तकातली झाडं घोकून मुलं कंटाळतात, म्हणून त्यांना शाळेमागच्या माळावर सोडायचं, चिठ्ठीत कोडं द्यायचं आणि उत्तर शोधून आणायला लावायचं, अशी त्यांची कल्पना. कल्पना सोन्यासारखी होती, हे मी आजही सांगेन. खोट होती ती माझ्यात.

माझ्या पोटावर लिहिलं होतं, 'कुठेही जा, मला पाने तीनच. मी कोण? माझे एक पान आणा.' कोडं सुटलं नाही तर पाठ उलटून बघायची. तिथे 'पळस' असं नाव, आणि खाली मोबाइलवरून उतरवलेलं रंगीत चित्र. कुमारने मला प्लास्टिकमध्ये घालून गरम यंत्रातून काढलं आणि म्हणाला, "मॅडम, आता पाण्यात टाका, काय होणार नाही हिला." मला केवढा ताठा चढला! प्लास्टिकखाली चूकसुद्धा तितकीच पक्की होते, हे मला काय ठाऊक?

खेळ सगळ्या वर्गासाठी होता, पण बाईंचा जीव अडकला होता मंगळीत. मंगळी डोंगराखालच्या कातकरी वाडीतली. जूनपासून शाळेत यायची, पण हजेरीला 'हजर' म्हणण्यापलीकडे तोंडातून शब्द नाही. दिवाळी झाली की वाडीतली माणसं वीटभट्टीवर जातात आणि पोरंही त्यांच्याबरोबर जातात. बाईंनी तिच्या आजोबांना, बुधाजींना, बोलावून विनवलं होतं, "बाबा, हिला आजीजवळ वाडीवरच राहू द्या. वर्ष वाया जाईल पोरीचं."

बुधाजींनी मान खाजवली. "पोरीला शालंची गोडी लागली तं ठेवू, बाई. नाय तं इथं मुकी बसून काय करंल? आठ दिसांनी निघायचा हाय."

म्हणजे आठ दिवसांत गोडी लावायची होती. ते काम बाईंनी आम्हा बारा जणींवर सोपवलं.

खेळाच्या दिवशी मंगळीचं रूपच पालटलं. वर्गात अंग चोरून बसणारी पोर माळावर वाऱ्यासारखी सुटली. तिच्या गटातली मुलं धापा टाकत तिच्या मागे. सहा चिठ्ठ्या तिने बघता बघता संपवल्या. मग मी तिच्या हातात आले. कोडं वाचून ती हसली. मला उलटून चित्र पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तरी ती नाल्यापलीकडे धावली आणि एक रुंद, खरखरीत पान घेऊन आली. मला आधीच वाचून गेलेल्या प्रितमच्या गटाने कुंपणाच्या झाडाचं मऊ पान आणलं होतं. तिथेही पानं तीनच.

बाईंनी दोन्ही पानं माझ्या पाठीवरच्या चित्राला लावून पाहिली. "मंगळी, तुझं पान जुळत नाही गं."

आणि मंगळी बोलली. सगळ्यांसमोर, खणखणीत.

"बाई, चितरातला पांगारा हाय. पळस ह्यो. आमची आजी याच्या पत्रावळी लावते."

मुलं फिदीफिदी हसली. बाई रागावल्या नाहीत, उलट मायेनेच म्हणाल्या, "अगं, चिठ्ठीवर लिहिलंय ना!" आणि मला उंच धरून सगळ्यांना दाखवलं. प्रितमच्या गटाला दहा गुण, मंगळीच्या गटाला शून्य. तेवढ्या दहा गुणांनी तिचा गट हरला.

बाईंनी जूनपासून ज्या आवाजाची वाट पाहिली, तो आला आणि माझ्या छापील अक्षरांपुढे खोटा ठरला. मला त्या क्षणी फाटून जावंसं वाटलं. पण प्लास्टिक फाटत नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरीला मंगळीने नुसता हात वर केला. बुधाजींनी सांगितलेले आठ दिवस भरले आणि नवव्या दिवशी तिची जागा रिकामी होती.

पुढच्याच आठवड्यात प्रितम कुंपणावर अडकलेला चेंडू काढायला गेला आणि ओरखडलेला हात घेऊन आला. "मॅडम, पळसाला काटे असतात?"

बाई तशाच उठून झाडापाशी गेल्या. शाळेत पाणी भरणाऱ्या वेणूताई तिथेच होत्या. "पळस कुटला, बाई? पांगारा हाय ह्यो. कुंपनाला लावतात. पळसाला काटे नाय येत." बाईंनी खोडावर हात ठेवला आणि काटे टोचेपर्यंत काढला नाही. मी त्यांच्या दुसऱ्या हातात होते. मला जी लाज वाटत होती, तीच त्यांच्या तोंडावर दिसली.

रविवारी बाई न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांच्या रांगांतून स्कूटी काढत भट्टीवर पोहोचल्या. मंगळी कच्च्या विटा उलटत होती. बाई तिच्यासमोर मातीतच बसल्या. "तू बरोबर होतीस. मी चुकले." आणि मला व मार्करला पुढे केलं.

मंगळीने हात फ्रॉकला पुसले. माझ्या पाठीवरचा 'पळस' सावकाश खोडला आणि वर लिहिलं, 'पांगारा'. मग वर बघून विचारलं, "बाई, म्हंजे आमचा गट जिंकला काय?"

बाईंनी होकाराची मान हलवली. मग बुधाजींकडे वळून, हिला परत पाठवा म्हणून हात जोडले.

"आता कसा व्हायचा, बाई?" बुधाजी म्हणाले. "हिची आजी पन इथंच आनली. वाडीवर कोन हाय पोरीला बगायला? पावसाच्या आदी येऊ." मंगळी पुन्हा विटांकडे गेली.

परत आल्यावर बाईंनी वर्गाला सगळं सांगितलं, फळ्यावरचे गुण बदलले आणि मला इथे टांगलं. मुलांनो, शोधखेळ जरूर खेळा. पण चिठ्ठी एक सांगत असेल आणि माळावर वाढलेली पोर दुसरं, तर आधी झाडापाशी जाऊन बघा. माझ्यावर छापलंय म्हणून ते खरं मानू नका.

रोज सकाळी हजेरी होते. बाईंनी मंगळीचं नाव कापलेलं नाही. ते नाव पुकारून त्या थोड्या थांबतात, माझ्याकडे बघतात, आणि मग पुढचं नाव घेतात. आधी तिथे निदान एक 'हजर' ऐकू यायचं.