श्यामरावांच्या पोटात दुखतं

आसगावात श्यामरावांच्या पोटाची ख्याती होती. पंगतीत वाढप्यांनी आधी त्यांचं पान हेरावं आणि बुंदीची परात तिकडे दोनदा न्यावी, असा रिवाजच पडून गेला होता. माणूस धानाची शेती नीट करणारा, मनाने सरळ, पण आवाज मोठा आणि स्वतःबद्दल शंका म्हणून कधी नाही. आजारी पडणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असं ते बिनदिक्कत सांगत. अशा माणसाच्या पोटात दुखायला लागलं, आणि तेही नेमकं साडभाऊ टिकारामच्या दारात.

त्यांची बायको शकुनबाई, तिची धाकटी बहीण चंद्रकांता, आणि टिकाराम म्हणजे चंद्रकांताचा नवरा. नात्याने धाकटा, वयानेही धाकटा, आणि पैशाने बघता बघता थोरला झालेला. आणीबाणी उठली त्या वर्षी त्याने गावात राइस मिल टाकली आणि उद्घाटनाला गावजेवण दिलं. लाखोरीच्या डाळीचे वडे, पुऱ्या, वांग्याची तेल तरंगणारी भाजी. श्यामराव लौकिकाला साजेसं जेवले, पान तोंडात टाकून बाजेवर टेकले, आणि थोड्या वेळाने उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली की पान तसंच गालात राहिलं. कळ पाठीत शिरली, वर उजव्या खांद्यापर्यंत गेली. कपाळावर घाम आला. ते पोट धरून वाकले, आणि तेवढ्यात खुशालने त्यांना पाहिलं.

खुशालचा बसस्टँडवर पानठेला होता. पानापेक्षा त्याची जीभच जास्त रंगलेली.

"काहून श्यामराव," तो सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा म्हणाला, "साडभावानं मिल टाकली अन् तुमच्या पोटात दुखून राहिलं काय?"

मांडवभर हशा पिकला. टिकारामही हसला. श्यामरावांनाही हसावं लागलं, आणि कळ येत असताना हसणं म्हणजे काय ते ज्याच्यावर गुदरलं त्यालाच ठाऊक.

मराठी भाषेने या बाबतीत माणसावर भारीच अन्याय करून ठेवला आहे. डोकं दुखतं म्हटलं तर लोक बाम आणून देतात. पाय दुखतो म्हटलं तर बसायला जागा देतात. पण दुसऱ्याचं बरं झालं आणि तुमच्या पोटात दुखलं, की तिथंच निकाल लागतो. पुढे कोणी नाडी बघत नाही. श्यामरावांनी त्याच दिवशी ठरवलं, मेलो तरी पोटाचं नाव काढायचं नाही.

पुढे टिकारामने राजदूत मोटारसायकल घेतली. पूजा झाली, जेवण झालं, आणि श्यामराव मिलमागच्या कोंड्याच्या ढिगाआड जाऊन उकिडवे बसले. त्याच्या मुलाचा साखरपुडा झाला, त्या दुपारी ते धुऱ्यावर चक्कर मारायला जातो म्हणून निघाले आणि बांधावर आडवे पडले. कळ काही वेळाने आपोआप ओसरायची. ओवा चावून, सोडा पिऊन ते घरी यायचे आणि दुप्पट मोठ्या आवाजात बोलायचे.

त्यांना खरं पोखरत होतं ते वेगळंच. घरी कधी दुखत नसे. महिनोन्‌महिने नाही. बाहेरच्या पंगती ते त्या दिवसापासून काही ना काही सबब सांगून टाळत, नात्यातली तेवढी टळत नसे; आणि दुखायचं ते फक्त टिकारामकडे. मग खुशाल चावट असला तरी खोटं बोलला नव्हता म्हणायचा. आणि हेवा तर होताच, खोटं कशाला बोला. मिलचा पट्टा सुरू झाला की त्याचा आवाज थेट श्यामरावांच्या बाजेपर्यंत यायचा आणि कूस बदलूनही बंद व्हायचा नाही. एवढा मोठा माणूस, आपल्याच सख्ख्या साडभावावर जळतो, आणि ते पोटातून वर येतं! या विचाराने त्यांना स्वतःचीच लाज वाटायची.

आता हेव्यावर औषध काय? त्यांनी आपल्या बुद्धीने शोधून काढलं: स्तुती. चार माणसं दिसली की श्यामराव टिकारामचे गोडवे गाऊ लागले. टिकारामसारखा कष्टाळू माणूस नाही, टिकारामसारखं डोकं नाही. लोक चकित झाले. टिकारामला तर संशयच आला की यांना आपल्याकडून काही हवं आहे.

शकुनबाईला मात्र नवऱ्याचा हात दिसत होता. बोलता बोलता तो उजव्या बरगडीखाली जायचा. तिने एका बाजाराच्या दिवशी त्यांना पवनीच्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

"कुठं दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"असंच. सगळ्या पोटात," श्यामराव म्हणाले.

"कधी दुखतं? काही खाल्ल्यावर?"

आता याचं खरं उत्तर एकच होतं, आणि ते बायकोदेखत तिच्याच बहिणीच्या घराचं नाव घेऊन द्यायचं होतं. श्यामराव छताकडे बघून म्हणाले, "तसं काही नाही जी. केव्हाबी."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं. रोगी सांगेल तेवढ्यावरच डॉक्टर चालणार. त्यांनी गॅसच्या गोळ्या लिहून दिल्या, पण दाराशी गेलेल्या शकुनबाईला थांबवून म्हणाले, "दुखणं पाठीत जायला लागलं, उलटी थांबेना, थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, यातलं एक जरी झालं तरी माझ्याकडे वेळ घालवू नका. सरळ नागपूरला पोटाच्या सर्जनकडे न्या." शकुनबाईने ते गाठीला बांधून ठेवलं. श्यामरावांनी गोळ्या भिंतीतल्या आळ्यात ठेवून दिल्या.

मग टिकारामच्या मुलाचं लग्न आलं. या वेळी श्यामरावांनी मनात हेव्याचा कणही ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. मांडवाचे खांब स्वतः रोवले, वऱ्हाडाचं सामान उतरवलं, नवरदेवाला कडेवर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. आणि निर्मळ मनाने पंगतीत बसून वडे-पुऱ्यांवर आडवा हात मारला.

कळ आली ती आजवरच्या सगळ्या कळांची थोरली बहीण. आणि या खेपेला ती ओसरलीच नाही. दुसऱ्या सकाळी उलट्या सुरू झाल्या, दुपारपर्यंत थंडी वाजून अंग तव्यासारखं तापलं. श्यामराव भिंतीकडे तोंड करून पडले होते. एवढा जीव ओतून हेवा काढला, तरी तो गेला नाही, म्हणजे तो किती खोल असेल, हेच त्यांच्या डोक्यात. शकुनबाईने त्यांच्या अंगावर घोंगडं टाकलं आणि पायात चपला घातल्या.

"कुठं चालली?" त्यांनी विचारलं.

"चंद्रकांताकडं. मिलची जीप आणतो. नागपूरले जायचं आहे."

"टिकारामच्या जीपमंदी मी नाही बसत."

"मंग काय खुशालच्या पानठेल्यावर बसून जाता?" शकुनबाई म्हणाली आणि गेलीसुद्धा.

मांडव अजून उतरला नव्हता. टिकाराम हळदीच्या सदऱ्यावरच जीप घेऊन आला आणि स्वतः चालवायला बसला. उमरेडच्या रस्त्याने प्रत्येक खड्ड्याला श्यामराव दात आवळत होते आणि टिकाराम प्रत्येक खड्ड्याची माफी मागत होता. त्यामुळे श्यामरावांना जास्तच त्रास होत होता.

नागपूरचे सर्जन ठेंगणे, शांत गृहस्थ होते. त्यांनी उजव्या बरगडीखाली बोटं रुतवली आणि म्हणाले, "मोठा श्वास घ्या." श्वास अर्ध्यातच अडकला, श्यामरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी बोटं काढली.

"हे पहिल्यांदाच झालं? की आधीपण?"

"आधीबी."

"कधी कधी होतं? नीट आठवून सांगा. त्यावर बरंच अवलंबून आहे."

खाटेच्या पायथ्याशी टिकाराम उभा होता. शकुनबाईने खाटेची कड धरली होती. श्यामरावांना त्या क्षणी भीती वाटली, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. खोटं बोललं तर अब्रू राहील, पण ती मिरवायला आपण राहू की नाही याचा नेम नव्हता.

"खरं सांगतो डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "याच्या घरी जेवलो का दुखते. दर खेपेले. माह्या घरी कधीच नाही दुखत."

टिकारामचा चेहरा उतरला. "म्या का तुमाले जहर घातलं काय, भाऊ?"

"तू कायले घालशीन? माह्याच पोटात आहे ते. तुह्या मिलचा हेवा वाटते मले. फटफटीचा वाटला. पोराच्या लग्नात लय आवरलं, तरी दुखलंच."

शकुनबाई नवऱ्याकडे बघतच राहिली.

"हेव्याचं नंतर बघू," सर्जन म्हणाले. "यांच्याकडे जेवता काय?"

"वडे, पुऱ्या, तर्रीची भाजी."

"आणि स्वतःच्या घरी?"

"भात-वरण, अंबाडीची भाजी," उत्तर शकुनबाईने दिलं. "तेल मी हात राखूनच टाकतो. अत्तरावानी."

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. "तुमच्या त्या हाताने यांना इतके दिवस तारलं. यकृताखाली पित्ताची एक पिशवी असते. तेलकट खाल्लं की ती आवळते. तिच्यात खडे झाले असतील तर खडा तोंडाशी अडकतो, उजवीकडे कळ येते, पाठीत जाते. आता पिशवीला सूज आली आहे, म्हणून ताप. कुठं दुखतं, कधी दुखतं आणि काय खाल्ल्यावर, एवढं पवनीत खरं सांगितलं असतं, तर तिथल्या डॉक्टरांनी तुम्हाला तेव्हाच इकडे धाडलं असतं. हेवा वाटत असेल तर वाटो, त्याने खडे होत नाहीत."

श्यामरावांनी डोळे मिटले. ताप तसाच होता, कळ तशीच होती, पण छातीवरचं जातं कोणीतरी उचलून नेल्यासारखं त्यांना वाटलं.

सलाइन आणि इंजेक्शनांनी ताप उतरला, मग फोटो काढला, मग पोट उघडून पिशवी काढली. टिकाराम मिल बंद ठेवून बाकावर बसून होता. डॉक्टरांनी खडे एका बाटलीत घालून दिले. तुरीच्या दाण्याएवढे, काळपट हिरवे.

गावात परतल्यावर श्यामराव पहिल्यांदा पानठेल्यावर गेले. खुशालने तोंड उघडायच्या आत बाटली त्याच्यासमोर ठेवली.

"दुखत होतं," ते म्हणाले. "हे पाह, काहून दुखत होतं ते."

खुशालने बाटली हलवून पाहिली, गिऱ्हाईक जाईपर्यंत वाट पाहिली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "श्यामराव, मलेबी उपाशी असलो का इथं मधोमध जळते. कोणाले सांगतलं नाही."

"मी का डॉक्टर आहो? पवनीले जा. पण मले सांगतलं तसंच त्यायले सांग. लाजू नको."

पुढच्या धानाच्या हंगामात टिकारामने मिलमध्ये पॉलिशचं नवं यंत्र बसवलं. पुन्हा जेवण झालं. श्यामरावांच्या पानात भात आणि साधं वरण. जेवून ते यंत्रापाशी जाऊन उभे राहिले. तांदूळ मोगऱ्यासारखा पांढरा पडत होता. जुना हेवा आत कुठंतरी हलला. त्यांनी सवयीने उजव्या बरगडीखाली हात नेला. तिथं टाक्यांचा लांब व्रण होता, दुखत मात्र काहीच नव्हतं.

"टिकाराम," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "हेवा वाटून राहिला बरं मले."

टिकाराम घाबरून जवळ आला. "अन् पोट, भाऊ?"

"पोट एकदम ठीक आहे," श्यामराव म्हणाले, आणि वाढप्याला हाक मारून त्यांनी परत भात मागवला.