तात्यांचा दबका आवाज

आमचे वडील महिपतीतात्या साखर कारखान्याच्या वायरलेसवर तीस वर्षं होते. ते बारामतीकडून बोलायचे आणि कारखान्याच्या इंदापूरच्या गट ऑफिसात लीलाबाई नावाची मुलगी ऐकून लिहून घ्यायची. ऊस किती निघाला, ट्रॅक्टर कुठं अडलाय. सेट जुनाट, जोरात बोललं की शब्दांचा चुरा करायचा. लीलाबाई तिकडून सांगायची, हा शब्द तुटला, जरा हळू. ऐकत-सांगत दोघांनी असा आवाज बसवला, की जिथं जोर द्यायचा तिथंच तात्या दबून बोलायचे आणि तिकडं स्वच्छ ऐकू जायचं. पुढं त्यांचं लग्न झालं, मी झाले, पण तात्यांचा आवाज दबकाच राहिला. आई गेली तेव्हाही ते रडले नाहीत. तो राग मी दोन वर्षं मनात धरून होते. फोनवर काही विचारावं तर ‘बरं हाय’, की संपलं.

वायरलेस बनवणाऱ्या कंपनीत मी इंजिनिअर, माझं पोट आता सेटच्या त्याच दुखण्यावर चालतं. ताण आला की ट्रान्समीटर सिग्नल वाकडा करतो. बाहेर पडलेला सिग्नल आम्ही परत आणून यंत्राला दाखवतो. ते त्यावरून शिकतं आणि आत जातानाच सिग्नलला उलटा बाक देतं, म्हणजे बाहेर तो सरळ निघतो. आई हेच करायची, आणि कंपनीत आम्ही त्याचा केवढा बडेजाव करतो.

यंदा आमच्या नव्या सेटची चाचणी बारामती-इंदापूर पट्ट्यात लागली. बोलायला मी मुद्दाम तात्यांना बसवलं. वायरलेस म्हटल्यावर तरी तोंड उघडतील, एवढीच आशा. माझा सहकारी ज्ञानेश त्यांच्याजवळ होता, मी इंदापुरात कानाला हेडफोन लावून.

तात्या बोलले, पण जुन्या सवयीनं, जोराचा प्रत्येक शब्द दाबून. यंत्रानं तो तसाच पोचवला आणि निम्मंही कळेना. मला हसू आलं. सेट सुधारला होता, आमचा माणूस नव्हता. मी माझ्या माइकवरून म्हटलं, “तात्या, आता यंत्र सांभाळतंय. तुमी मोकळ्यानं बोला, कितीबी जोरात.”

मग भरल्या आवाजात हाक आली, “लीलाऽ!”

हा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. तात्या मोठ्यानं रडत होते आणि एकही हुंदका तुटत नव्हता. मला माझ्या रागाची लाज वाटली. चाचणी थांबवू का, असं ज्ञानेशनं विचारलं. मी नको म्हटलं.

“हळू बोलायला तिनंच शिकवलं गं,” तात्या म्हणाले. “तिला मोठ्यानं हाक मारायचीच ऱ्हायली.”