शिंपल्यावरची सावली

शरदिनीने काचेच्या पेटीवर हात धरला आणि पाण्यातला शिंपला खाड्‌कन मिटला. खारे थेंब तिच्या गालावर उडाले.

“जगतोय बाबा!” ती म्हणाली आणि चुन्याची निवळी पेटीत थेंब थेंब सोडू लागली. चुना पानवाल्याकडचाच. शिंपल्याला कवच वाढवायला तो लागतो. खाली काशीच्या पंचगंगा घाटाला गंगा वाहते आहे आणि वरच्या गल्लीत ही बाई बादलीत मिठाचं पाणी कालवते आहे, याचं शेजाऱ्यांना कोण हसू यायचं. येईना का! शिंपला विश्वजीतचा होता.

विश्वजीत तिचा नवरा. विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवायचा. अंदमानहून त्याने हा शिंपला आणला तेव्हा तो मुठीएवढा होता. आता चांगला वीतभर झाला होता, तोंडाशी निळी झालर.

“या झालरीवर बारीक बारीक डोळे असतात,” विश्वजीत सांगायचा. “सावली पडली की मिटतो. नाही मिटला तर समज, काहीतरी बिघडलं.”

गेल्या वर्षी तो पुन्हा अंदमानला गेला, समुद्रात उतरला आणि वर आलाच नाही. देहही मिळाला नाही. घरात शरदिनी आणि तिची सासू अंबिकाबाई, दोघीच उरल्या.

यंदा पितृपक्ष लागला आणि शिंपला भलत्याच वेळी मिटायला लागला. दोघी दुपारी जेवायला बसल्या की पलीकडे, पेटीशी कोणी नसताना, खाड्‌! पाणी हिंदकळायचं. मग बराच वेळ तो मिटलेलाच राहायचा. जेवण झाल्यावर विश्वजीत पेटीवर ओणवा होऊन बघत बसायचा, साधारण तेवढा वेळ.

पहिल्या दिवशी शरदिनीचा घास हातातच राहिला. तिने उठून ट्यूबलाइट पाहिली, छत पाहिलं. पाल नाही, पाखरू नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग ती दुपारची वाट बघायला लागली. भीती वाटायची, पण त्याहून जास्त बरं वाटायचं. केस विंचरून जेवायला बसायची.

अंबिकाबाईंना ते बघवेना.

“काशीत किडामुंगी मेली तरी सुटते ग. आणि माझा मुलगा खाऱ्या पाण्यात गेला. तोंडात गंगेचा थेंब नाही पडला. अडकलाय तो इथे, दिसत नाही तुला?”

“अडकलाय तर राहू दे अडकलेला.”

“अगं, काय बोलतेस हे!”

“घरात आहे ना, आई? मला तेवढं पुरे.”

सर्वपित्री अमावास्येला शरदिनी चुना आणायला चौकात गेली. परतली तर अंबिकाबाई पेटीशी उभ्या. हात कोपरापर्यंत ओला, हातात पळी, शेजारी गंगाजळाचा गडू. पाण्यावर तुळशीचं पान तरंगत होतं. मरणाऱ्याच्या तोंडात सोडतात तशी त्यांनी मिटत्या शिंपल्यात पळीभर गंगा सोडली होती.

“आई! खाऱ्या पाण्यातला जीव तो! गोड्या पाण्याने मरेल!”

“मरायचा असेल तर मरेल,” अंबिकाबाई म्हणाल्या. “मी त्याला म्हटलं, जा बाळा.”

शरदिनीने पान काढून फेकलं, नवं पाणी कालवलं. शिंपला घट्ट मिटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवच किलकिलं झालं. मग निळी झालर हळूहळू बाहेर आली आणि पुरती पसरली. शरदिनीने वर हात धरला. खाड्‌! तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि पोळ्यांना लागली.

दुपारी दोघी जेवायला बसल्या. भात निवला, वरणावर साय धरली. शिंपला उघडाच होता, उजेडात निवांत पसरलेला. त्याच्यावर कोणाची सावली पडली नाही.

“सुटला,” अंबिकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले.

शरदिनी ताटाकडे बघत राहिली. थोड्या वेळाने अंबिकाबाई उष्ट्या हातानेच उठल्या, पेटीशी गेल्या. काचेला कपाळ टेकवून उभ्या राहिल्या, मग मागे वळून त्यांनी रिकाम्या खोलीभर नजर फिरवली.

“सूनबाई,” त्या म्हणाल्या, “लगेच जा, असं नव्हतं ग म्हटलं मी त्याला.”