दमलेल्या पेशी

दोन जिने चढून वेलिच्का डॉक्टर आसेन यांच्या दाराशी आली तेव्हा तिच्या मनात एकच होतं: आज या हट्टी म्हाताऱ्याला इन्सुलिन घ्यायला लावायचंच. त्यांच्या पायाची जखम दोन महिने भरत नव्हती. साखर उतरली नाही तर अंगठा कापावा लागेल, असं दवाखान्यानं बजावलं होतं. आणि हे महाशय इन्सुलिन फ्रिजमध्ये तसंच ठेवून वीस वर्षं चालू असलेली जुनी गोळीच घेत बसलेले, त्याही एकीऐवजी तीन!

"आलीस? माझ्या मुलीनं पाठवलं असणार," दार उघडत डॉक्टर म्हणाले. "कर सुरू प्रवचन."

"आधी आत तर घ्या!"

तिनं दह्याची बरणी टेबलावर ठेवली. खिडकीतून लिंडेनच्या झाडाच्या फुलांचा वास आला आणि तिला एकदम डॉक्टरांच्या हाताखाली काम केलेली जुनी प्रयोगशाळा आठवली. काय दिवस होते ते! उंदरांच्या स्वादुपिंडातले खसखशीएवढे पेशींचे पुंजके ती काचेच्या बारीक नळीनं एकेक करून वेचायची. स्पिरिटच्या दिव्यावर कॉफी उकळायची, डॉक्टर बेसूर गुणगुणायचे, मधेच म्हणायचे, "वेलिच्का, तुझा हात म्हणजे सोनं गं!" त्या एका वाक्यावर तिचा आठवडा जायचा.

मग एक्क्याऐंशीचा एक मे आला. अख्ख्या प्लॉवदिव शहराला कामगार दिनाच्या संचलनात चालायचंच होतं. शुक्रवारी झेंडे घेऊन सगळे रस्त्यावर, शनिवारीही सुट्टी, पुढे रविवार. प्रयोगशाळेला तीन दिवस सील. एक दिवस याच गोळीच्या द्रावणात ठेवायचे पुंजके तीन दिवस तसेच राहिले. सोमवारी तिनं त्यांना साखर दिली, तर ढिम्म! इन्सुलिन जवळजवळ सुटेचना. साध्या द्रावणातले मात्र ठणठणीत. तिनं ते गप्प बसलेले पुंजके धुतले, स्वच्छ द्रावणात एक दिवस ठेवले आणि काय आश्चर्य, ते पुन्हा कामाला लागले! ती आकडे घेऊन धावतच गेली होती. डॉक्टरांनी पान वाचलं, टराटरा फाडलं आणि तिला निष्काळजी ठरवून बाटल्या धुण्याच्या खोलीत पाठवलं.

"पेशी दमल्यात तुमच्या," ती आता म्हणाली. "सारख्या हाकताय त्यांना. इन्सुलिन बाहेरून द्या, कदाचित थोड्या सावरतील."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तुमच्याच उंदरांनी."

डॉक्टर हसले, पण लगेच थांबले. पट्टी बांधलेला पाय त्यांनी खुर्चीखाली ओढून घेतला.

"तुझे आकडे खरे होते," ते अखेर म्हणाले. "मला त्याच दिवशी कळलं होतं."

"काय?"

"गोळी उत्तम आहे, असा अहवाल आधीच वर गेला होता. तुझं पान ठेवलं असतं तर माझी खुर्ची गेली असती. म्हणून तुला ढकललं. आणि आता ती सुई घ्यायची म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ ते पान वाचायचं गं. मला नाही जमत."

वेलिच्काच्या अंगाचा तिळपापड झाला. "दोन वर्षं बाटल्या घासल्या मी! सोड्यानं हात सोलवटून निघायचे. आणि त्याहून वाईट काय, माहितेय? तीस वर्षं मी समजत राहिले की माझंच चुकलं. तुम्हाला मी देव मानायचे हो, देव!"

डॉक्टरांचे डोळे भरून आले.

ती पिशवी उचलून दारापर्यंत गेली. कडी काढली. निघून जायला तिला कुणाची भीती होती? पण हा माणूस पाय गमावेल आणि तरी गोळीच गिळत राहील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती पाय आपटत स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजमधून इन्सुलिनचं पेन घेऊन आली. त्यावर चिकटवलेली मात्रा तिनं दोनदा वाचली.

"शर्ट वर करा."

"माफ केलंस मला?"

"नाही," ती म्हणाली आणि सुई टोचली. "उद्या सकाळी आठला येते. दार उघडं ठेवा."